परीक्षेतली फुलदाणी

भोपाळची ओळख तलावांची. पण जुन्या वस्त्यांची नावे नुसती वाचत गेले तरी हे गाव एके काळी बागांचेही होते हे लक्षात येते: ऐशबाग, बाग फरहत अफ्जा, बाग उमराव दूल्हा, बाग दिलकुशा. बागा गेल्या, त्या जागी घरे आणि दुकाने आली, नावे तेवढी उरली. शहराबाहेर इस्लामनगरला, ज्याचे नाव २०२३ साली जगदीशपूर झाले, भोपाळ राज्याचे संस्थापक दोस्त मोहम्मद खान यांचा चमन महाल उभा आहे. त्याच्या लाल दगडावर फुलापानांची नक्षी आहे. जुन्या शहरातल्या जरदोजी कारागिरांच्या बटव्यांवर फुले आहेत. भोपाळवर राज्य करणाऱ्या बेगमांच्या काळात तर फूल हा जणू बायकांच्या हातकामाचा हक्काचा विषय होता. सुलतान जहाँ बेगम यांनी १९०९ साली पडदानशीन स्त्रियांसाठी ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स लेडीज क्लब’ काढला आणि १९१४ साली भोपाळात स्त्रियांच्या कलाकुसरीचे मोठे प्रदर्शन भरवले.

थोडक्यात, दगडात आणि जरीत भोपाळने फूल भरपूर पाहिले होते. टेबलावर फुलदाणी, तिच्यात पाण्यात ठेवलेली तोडलेली फुले, मागे घड्या पाडलेले कापड, डावीकडून येणारा उजेड आणि हे सगळे कॅनव्हासवर तैलरंगात, हा प्रकार मात्र इथे उगवलेला नव्हे. तो लांबून आला. हॉलंडहून मुंबईला, मुंबईहून इंदूर-नागपूरला, आणि १९५६ नंतर राजधानीबरोबर भोपाळला. या प्रवासात त्याच्या वाट्याला मान कमी आणि मार्क जास्त आले. मध्य भारतातल्या चित्रकलेच्या इतिहासात या फुलदाणीची नोंद कुणी फारशी ठेवली नाही, आणि ही चूक आहे.

फुलदाणी भारताला नवी नव्हती, हे आधीच सांगायला हवे. आग्र्याला इतिमाद-उद-दौलाच्या कबरीच्या भिंतींवर गुलदस्ते आहेत; ती वास्तू १६२० च्या दशकातली. जहांगीर बादशहाने १६२० चा वसंत काश्मीरमध्ये काढला आणि उस्ताद मन्सूर यांनी तिथली शंभराहून अधिक फुले चितारल्याची नोंद त्याने आत्मचरित्रात केली. पण मन्सूर यांचे फूल देठासकट, पानांसकट उभे असते. त्याच्यामागे कोरी पाटी, सावली जवळजवळ नाहीच. ते फूल कोणत्या वेळचे, कोणत्या खोलीतले, असा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे तोडलेले फूल देवाला जाते, केसांत जाते, हारात जाते. तोडून पाण्यात ठेवायचे आणि ते कोमेजेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसायचे, ही सवय निराळी.

ती सवय डच आणि फ्लेमिश चित्रकारांनी लावली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मिडेलबर्गमध्ये आंब्रोसियस बॉसखार्ट आणि अँटवर्पमध्ये थोरले यान ब्रूगेल फुलांच्या गुच्छांची चित्रे काढून विकू लागले. डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०२ साली. आशियातून चिनी मातीची भांडी जहाजे भरभरून येऊ लागली आणि चित्रांत दिसू लागली. तुर्कस्तानाकडून आलेल्या ट्युलिपच्या कंदांवर सट्टा चढला तो १६३७ च्या फेब्रुवारीत एकदम कोसळला. फूल ही श्रीमंतीची खूण झाली होती. ज्याला कंद परवडत नाही त्याने चित्र घ्यावे, असा हिशेब होता. पुढे नामवंत चित्रकारांच्या चित्रांनी कंदांच्या किमतींनाही मागे टाकले, तो भाग वेगळा.

या चित्रांतली गंमत अशी की त्यातला गुच्छ खरा नसतो. वसंतातली ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच भांड्यात शेजारी शेजारी डोलत असतात. एकेक फूल त्याच्या हंगामात बघून टिपून ठेवायचे आणि मग सगळी एकत्र मांडायची, ही पद्धत. यान फान हाउसुम मात्र शक्यतो प्रत्यक्ष फुलावरूनच काम करीत. १७४२ साली त्यांनी एका गिऱ्हाइकाला कळवले की चित्र राहिले आहे, कारण पिवळा गुलाब मिळालेला नाही. गिऱ्हाईक ड्यूक होता. तरी त्याला गुलाबाच्या हंगामासाठी थांबावे लागले.

त्याच देशात राखेल राउश या बाईंनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी फुले रंगवायला सुरुवात केली ती ऐंशी ओलांडेपर्यंत. वडील फ्रेडरिक राउश शरीरशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. त्यांचा नमुन्यांचा संग्रह घरातच होता. बाईंना फुलांकडे वळवणारे दुसरेही एक कारण त्या काळात होते. नग्न देहावरून अभ्यास करण्याची मुभा स्त्रियांना नव्हती, आणि तो अभ्यास केल्याशिवाय पौराणिक-ऐतिहासिक मोठी चित्रे जमत नसत. उरले फूल आणि फळ. १६६७ साली फ्रेंच अकादमीसाठी आंद्रे फेलिबियाँ यांनी चित्रप्रकारांची उतरंड लावून दिली. तिच्यात इतिहासचित्र सगळ्यात वर आणि निर्जीव वस्तूंचे चित्र सगळ्यात खाली. ज्या कामाला अकादमीने खालचा पाट दिला ते काम बायकांना खुले राहिले, यात योगायोग फार थोडा. ही उतरंड पुढे बोटीत बसून मुंबईला आली.

बोटीतून आणखी एक वस्तू आली. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी कथलाची नळी काढली आणि तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीतून ट्यूबमध्ये आला. आता तो हजारो मैल न वाळता जाऊ शकत होता. त्यातले तेल मात्र आपल्याला परके नव्हते. तैलरंगाचा मुख्य आधार म्हणजे लिनसीड ऑइल, आणि लिनसीड म्हणजे जवस. विदर्भात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात आणि मध्य प्रदेशात ज्याला अलसी म्हणतात, तेच हे बी. मध्य प्रदेश आजही देशातल्या प्रमुख जवस उत्पादक राज्यांत आहे. शेतातले बी बाहेर जाई आणि परदेशी कारखान्यात शुद्ध होऊन, रंगात खलून, लेबल लागलेल्या ट्यूबमधून परत येई. नागपूर-इंदूरच्या विद्यार्थ्याला तो रंग सोन्याच्या भावाचा वाटे.

फूल आणि जवसाचे तेल यांचे जमत नाही, हीच या चित्रप्रकारातली खरी अडचण आहे आणि खरी मौजही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन ते हळूहळू घट्ट होते. पातळ थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, जाड थर आतून वाळायला महिने. गुलाबाकडे एवढा वेळ नसतो. मे महिन्यातल्या भोपाळात सकाळी आठला फुलदाणीत ठेवलेला गुलाब दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकतो. कळीचे तर विचारूच नये. चित्रकार देठ रंगवीपर्यंत ती उमलून वेगळेच फूल झालेले असते. म्हणून जाणते लोक आधी फुले उरकतात, ओल्या रंगावर ओला रंग चढवून, एका बैठकीत. फुलदाणी, कापड, टेबलाची कड यांना घाई नसते. ती दुसऱ्या दिवशी होतात. पुन्हा नियम असा की खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा हवा. उलटे केले की वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि पाच-दहा वर्षांत चित्राला भेगा जातात. पावसाळ्यात तर चित्र चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते.

नवशिक्या हमखास कुठे अडकतो? पांढऱ्या फुलात. शेवंतीच्या किंवा पांढऱ्या गुलाबाच्या सावलीसाठी तो पांढऱ्यात काळा मिसळतो आणि फूल कळकट होते. प्रत्यक्षात ती सावली काळी नसते. पानाचा हिरवा तिच्यात उतरलेला असतो, शेजारच्या पाकळीचा पिवळसर उजेड असतो, खिडकीबाहेरच्या आकाशाची निळी झाक असते. हे दिसायला लागले की निम्मे चित्र झाले. उरलेल्या निम्म्यात कुठे थांबायचे ते कळावे लागते. प्रत्येक पाकळीची कड रेखली की फूल कागदी होते.

रंगांचे आयुष्यही सारखे नसते. फान गॉख यांनी १८९० च्या मे महिन्यात साँ-रेमीला रंगवलेले गुलाब आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत पांढरे दिसतात. ते गुलाबी होते. त्यातला लाल रंग उजेडाने विटला. लोक त्या चित्राच्या पांढऱ्या शांततेचे कौतुक करतात, आणि चित्रकाराच्या मनात ती नव्हतीच.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले तेव्हा उद्देश कलाकुसर सुधारण्याचा होता. फूल तिथे पहिल्यापासून होते, पण नक्षीचा कच्चा माल म्हणून. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडांवरची पाने, फुले, प्राणी घडवण्यात तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. रोज लाखो लोक त्या फुलांखालून लोकल पकडतात. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि वार्षिक प्रदर्शने, पदके, बक्षिसे यांची घडी बसली. पदके मिळत ती व्यक्तिचित्रांना, प्रसंगचित्रांना. राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांतही फूल दिसते ते नायिकेच्या केसांत किंवा हातात. ते एकटे टेबलावर बसलेले सहसा दिसत नाही. स्थिरचित्राची जागा ठरली ती अभ्यासक्रमात. आधी ठोकळे, मग माठ आणि ग्लास, मग फळ, कापड, फुले. त्यापुढे माणसाचे डोके आणि शेवटी देह. फेलिबियाँ यांची उतरंड इथे वेळापत्रक होऊन बसली.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला याचा पुढचा भाग सांगायला नको. बाकाबाकांच्या मध्ये स्टुलावर मांडलेला तो संच, ‘मला इथून हँडल दिसत नाही सर’ ही तक्रार, आणि पाठीमागच्या कापडाच्या घड्या काढता काढता संपलेला वेळ. स्थिरचित्र म्हणजे मार्कांचा विषय, हा शिक्का तिथेच बसतो आणि तो जन्मभर पुसत नाही.

मुंबईचा हा शिरस्ता मध्य भारतात नेला तो मराठी चित्रकला-शिक्षकांनी. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदूरला होळकरांच्या राज्यात चित्रकलेचा वर्ग उभा केला. त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णु चिंचाळकर, देवयानी कृष्ण निघाले. पंढरपुरात जन्मलेला आणि इंदुरात वाढलेला मकबूल फिदा हुसेन हा मुलगाही काही काळ तिथे जाऊन आला. एका संस्थानी शहरातल्या एका मास्तरांच्या खात्यावर एवढी नावे असावीत, याचे महाराष्ट्रात पुरेसे कौतुक झालेले नाही. बेंद्रे यांनी १९३३ साली मुंबई सरकारची कलापदविका घेतली. इंदूरला शिकायचे आणि मोहोर मुंबईची उमटवून घ्यायची, असा तो व्यवहार होता. तिकडे नागपूरच्या चित्रकला विद्यालयात बापूराव आठवले यांच्याकडे १९३९ ते १९४३ या काळात मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा एक मुलगा शिकत होता. वडील जंगल खात्यात. नाव सय्यद हैदर रझा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे विज्ञानाचे पदवीधर आणि जबलपूरला अध्यापक. त्यांनीही नागपूरची पदविका घेतली.

सगळेच काही रझा किंवा बेंद्रे होत नसतात. पदविका घेतलेले बहुतेक जण ड्रॉइंग मास्तर झाले. ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, इंदूर, सागर, जबलपूर इथल्या शाळांत त्यांनी हयात घालवली; सुट्टीत कधी अंगणातली फुले घरच्या तांब्यात ठेवून एखादा कॅनव्हास केला, तो बैठकीत लावला किंवा मुलीच्या लग्नात भेट दिला. या चित्रांची सूची नाही आणि प्रदर्शनेही नाहीत. मध्य भारतात तैलरंगातल्या फुलांचा इतिहास खरे म्हणजे यांच्या भिंतींवर आहे.

आणि भारतात फुलदाणीला प्रतिष्ठा कुणी दिली? ज्याने परीक्षाच दिली नाही त्याने.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचा जन्म १९१४ चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणी गेली, वडील मोटार चालवीत. घरात सावत्र आई आली तेव्हा हा मुलगा सातव्या वर्षी पळून मुंबईला आला. घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. सुटल्यावर एका जपानी कंपनीत पुन्हा मोटारी धुण्याचेच काम मिळाले. उरल्या वेळात चित्रे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या नजरेला ती पडली. लायडन जर्मनीतून आलेले. त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर व्हिएन्नाहून. हिटलरच्या छायेतून निसटलेल्या या तिघांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना सेझान, मातिस ही नावे नुसती ऐकवली नाहीत. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून दाखवल्या. १९४२ साली आरा यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. १९४४ साली ‘मराठा बॅटल’ या भल्यामोठ्या चित्राला गव्हर्नरचे बक्षीस मिळाले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते ‘टू जग्स’ या चित्राला. दोन सुरया, एवढाच विषय. उतरंडीतल्या तळाच्या पायरीला सुवर्णपदक.

या ग्रुपमध्ये सूझा देवाधर्माशी भांडत होते, हुसेन गावगाड्यातली माणसे रंगवत होते, रझा निसर्गदृश्ये. आरा यांनी फुलदाणी धरली ती शेवटपर्यंत. त्यांच्या चित्रासमोर उभे राहिले की पहिल्यांदा जाणवतो तो आकार. फुले भांड्यात मावत नाहीत, चौकटीच्या कडांना जाऊन भिडतात. भांडे बुटके, भक्कम, कधी किंचित कललेले. मागे ड्रेपरी नाही. सपाट रंगाचा पट्टा, आणि टेबल संपून भिंत कुठे सुरू होते ते नीट सांगता येऊ नये अशी मांडणी. पाकळी मोजायला गेले तर सापडत नाही, पण फुलाचे वजन हाताला लागेल असे. परीक्षकाने लाल शाई उगारावी अशा चुका जागोजागी, आणि चित्र मात्र हलत नाही.

साधनांच्या बाबतीतही त्यांनी उलटेच केले. सुरुवातीला जलरंग आणि गवाश हे रंग ते इतके दाट लावत की चित्र तैलरंगातले वाटावे. तैलरंग हाती आला तेव्हा आधी पॅलेट नाइफने थापला आणि मग तो जलरंगासारखा पातळ करून वापरू लागले. त्यांची कागदावरची फुले संख्येने जास्त आहेत, हे खरे. त्यांचे शत्रू म्हणत आणि मित्रही कुरकुरत की आरा तेच तेच काढतात, विकायला काढतात. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. काही फुलदाण्या उरकलेल्या दिसतात. पण हीच तक्रार सेझानच्या सफरचंदांबद्दल कुणी करीत नाही. १९६३ साली आरा यांनी काळ्या नग्नाकृतींचे प्रदर्शन भरवून टीकाकारांना वेगळा विषय दिला, तरी फुले सुटली नाहीत. त्यांना शाळेत जाऊन माठ-ग्लास-कापड या क्रमाने चढायचे नव्हते, त्यामुळे फुलदाणी त्यांना पायरी वाटलीच नाही. मिळवले ते त्यांनी धडपडणाऱ्या चित्रकारांवर खर्चही केले. काळा घोड्याच्या आर्टिस्ट्स सेंटरचे काम १९८५ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळले.

बेंद्रे यांचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे. सगळ्या परीक्षा पास, हात तयार, काश्मीरपासून न्यूयॉर्कपर्यंत पाहून आलेले. १९५० साली ते बडोद्याला नव्या कलाविभागात शिकवायला गेले आणि तिथे त्यांनी सूर्यफुलांसारखा गोड विषय घेऊन तो घनवादी कोनांत तोडून पाहिला. म्हणजे परीक्षेतून आलेल्या माणसालाही फुलदाणीशी मोकळेपणाने बोलायचे तर आधी परीक्षा विसरावी लागली.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण गेले आणि सचिवालयाची माणसे फायली-बिऱ्हाडासकट भोपाळला आली. इंदूर-ग्वाल्हेरहूनही बदल्या झाल्या. नव्या भोपाळच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गणेशोत्सव सुरू झाले आणि त्याच बिऱ्हाडांबरोबर मास्तरांचे कॅनव्हासही आले असावेत.

मग आले भारत भवन हे कलाकेंद्र. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी अंगणे बांधली. तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची सूत्रे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. १९६२ साली भावनगरला ‘ग्रुप १८९०’ काढताना त्यांनी आणि अकोल्याच्या अंबादास यांच्यासह इतर सोबत्यांनी युरोपची नक्कल आणि परंपरेची भाबडी उजळणी, दोन्ही नाकारली होती. भोपाळला त्यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या आणि आदिवासींचे काम शहरी आधुनिक चित्रांच्या शेजारी, त्याच मानाने टांगले. या दृष्टीत फुलदाणीला जागा असणे कठीणच. जे.जे., लंडन, मार्क, पदके यांचा वास येणारी तिच्याइतकी दुसरी वस्तू नसेल.

त्या तुकड्यांना मंडला भागातल्या पाटनगढला एका घराच्या भिंतीवर चित्रे दिसली. काढणारा परधान गोंड तरुण विशीच्या आतबाहेरचा होता: जनगढ सिंह श्याम. तो भोपाळला आला, भारत भवनाच्या ग्राफिक स्टुडिओत काम करू लागला. १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली, भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंती त्याने रंगवल्या. २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला. त्याच्या चित्रांत झाड असते, झाडातून प्राणी आणि प्राण्यातून झाड फुटते. फूल असते ते फांदीवर. तोडून भांड्यात ठेवलेले नाही.

रझा आणि जनगढ, दोघेही जुन्या मंडला जिल्ह्याचे. चाळीस वर्षांच्या अंतराने दोघे घराबाहेर पडले. रझांना नागपूरचा वर्ग, मुंबईची पदविका, १९५० साली फ्रान्स, असे दार-दार ओलांडत जावे लागले; काश्मीरमध्ये भेटलेले छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सेझान अभ्यासायला सांगितले होते. जनगढला भोपाळने ती सगळी दारे टाळून थेट आत घेतले. हे भारत भवनाचे मोठेच काम. पण त्यासोबत एक उणेपणही आले. आदिवासी भिंत आणि आधुनिक अमूर्त यांच्यामध्ये जो मधला मुलूख होता, शाळामास्तरांचा, तैलरंगातल्या शेवंतीचा, तो कुणाच्याच खात्यात धरला गेला नाही. तो ना लोककला, ना आधुनिक.

देवळालीकरांच्या एका शिष्याने मात्र या मधल्या मुलखातून वेगळीच वाट काढली. विष्णु चिंचाळकर, इंदूरचे गुरुजी, गायक कुमार गंधर्व आणि पत्रकार राहुल बारपुते यांच्या गोतावळ्यातले. व्यक्तिचित्रात हात पक्का बसलेला असताना ते कॅनव्हासपासून दूर गेले आणि वाळकी पाने, बिया, मुळ्या, काटक्या उचलून त्यांतून चेहरे, पक्षी, माणसे मांडू लागले. मुलांबरोबर काम करणाऱ्या ‘एकलव्य’ या भोपाळच्या संस्थेशीही त्यांचा स्नेह जुळला. फुलदाणीतले फूल कोमेजते म्हणून सगळे चित्रकार घाई करतात. गुरुजींचे काम ते वाळल्यावर सुरू होई. स्थिरचित्राचा याहून खोडकर आणि याहून नेमका वारसदार दुसरा दाखवता येणार नाही.

भोपाळात, इंदुरात, ग्वाल्हेरला किंवा नागपूरला ज्यांच्या घरी आजोबांनी काढलेली फुलदाणी अजून भिंतीवर किंवा माळ्यावर आहे, त्यांनी एवढे करावे. चौकट उलटी करून मागे सही, साल, दुकानाची चिठ्ठी काही आहे का ते पाहावे. नसेल तर चित्रकाराचे नाव, गाव आणि साधारण वर्ष कागदावर लिहून चौकटीला लावून ठेवावे. साबणाचे पाणी, कापलेला बटाटा, खोबरेल यांपैकी काहीही चित्राला लावू नये. थेट उन्हात ठेवू नये, पण ट्रंकेतही कोंडू नये: जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते आणि मंद उजेडात ठेवले तर तो पिवळेपणा बराच उतरतो. रंग उचलला गेला असेल तर घरी उपाय न करता जाणकाराला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे काम करणारे संवर्धन केंद्र आहे. आणि भिंतीवरून उतरवण्याआधी चित्राचा एक स्वच्छ फोटो, नाव-गावासह, जपून ठेवावा. उद्या कुणी ही सूची करायला बसलाच तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.